आम्लानेच जागं होणारं विष: एच. पायलोरीचं ‘व्हॅकए’ कसं बनलंय आणि काय करतं

मिरजेत किंवा कराडला दुर्बिणीने जठर तपासून घेतलं की हातात येणाऱ्या कागदावर खाली एक ओळ असते: ‘आरयूटी पॉझिटिव्ह’. डॉक्टर सांगतात, पोटात जंतू आहे, चौदा दिवसांचा कोर्स घ्या. बाहेर रुग्णांची रांग असते, त्यामुळे बोलणं तिथेच थांबतं. घरी आल्यावर प्रश्न सुरू होतात. पोटात एवढं आम्ल असताना जंतू जगतो कसा? तो नेमकं करतो काय? शेजारच्यालाही तोच जंतू निघाला, पण त्याचं पोट कधी दुखत नाही, ते का?

आधी त्या ओळीचा अर्थ. आरयूटी म्हणजे रॅपिड युरीएज टेस्ट. दुर्बिणीतून जठराच्या अस्तराचा तांदळाच्या कणीएवढा तुकडा काढतात आणि पिवळ्या जेलमध्ये ठेवतात. जेलमध्ये युरिया आणि रंग बदलणारं द्रव्य असतं. तुकड्यात ‘हेलिकोबॅक्टर पायलोरी’ हा जंतू असेल तर तो आपल्या ‘युरीएज’ या विकराने युरियाचा अमोनिया करतो, जेल अल्कधर्मी होतं आणि पिवळ्याचं गुलाबी-लाल होतं. जठरातही तो हेच करतो. स्वतःभोवती अमोनिया सोडून आम्लाची धार बोथट करतो आणि अस्तरावरच्या चिकट श्लेष्मात शिरून बसतो. हा अमोनिया लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी १९८२ साली हा जंतू प्रयोगशाळेत वाढवून दाखवला. १९८४ मध्ये मार्शल यांनी तो स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली. २००५ साली दोघांना नोबेल मिळालं. जंतू लहानपणीच, बहुधा घरातल्या घरात, तोंडावाटे शिरतो आणि उपचार झाले नाहीत तर जन्मभर राहतो. ज्यांच्यात तो आहे अशा शंभरातल्या दहा ते वीस जणांना आयुष्यात कधीतरी अल्सर होतो आणि एक ते तिघांना जठराचा कर्करोग. बाकीचे जंतू घेऊन निवांत फिरतात.

हा फरक का पडतो, याच्या उत्तराचा एक मोठा तुकडा या जंतूने सोडलेल्या एका विषात आहे. त्याचं नाव ‘व्हॅकए’.

विष आहे तरी काय?

व्हॅकए हे एक प्रथिन आहे. अमिनो आम्लं नावाचे छोटे रेणू एकापुढे एक जोडून लांब साखळी होते, ती घडी पडून ठरावीक आकार घेते, ते प्रथिन. अंड्यात आणि डाळीत असतात तीही प्रथिनंच. फरक पडतो तो आकाराने.

१९८८ साली एक गोष्ट ध्यानात आली. हा जंतू ज्या पाण्यात वाढवला ते पाणी गाळून, म्हणजे जंतू पूर्ण काढून टाकून, प्रयोगशाळेतल्या पेशींवर ओतलं तरी पेशींच्या पोटात मोठमोठ्या पोकळ्या तयार होत होत्या. अर्थ उघड होता: जंतूने काहीतरी बाहेर सोडलंय. १९९२ मध्ये ते प्रथिन शुद्ध स्वरूपात वेगळं केलं गेलं आणि १९९४ पर्यंत त्याचं जनुकही सापडलं. गंमत अशी की हे जनुक जवळजवळ प्रत्येक एच. पायलोरीत असतं, पण जेमतेम निम्म्या जंतूंचं गाळलेलं पाणी पेशींत पोकळ्या पाडतं. जनुक असणं वेगळं आणि विष चालणं वेगळं.

जंतूच्या आत साखळी तयार होते तेव्हा ती सुमारे १२९० अमिनो आम्लांची असते. पुढचा ३३चा तुकडा केवळ ‘हिला बाहेर पाठवा’ एवढं सांगण्यासाठी. मागचं टोक जंतूच्या बाहेरच्या पडद्यात जाऊन बसतं आणि उरलेली साखळी बाहेर पडायला तिथेच वाट तयार करतं. माल आपली वाट बरीचशी आपणच काढतो. मग पुढचे-मागचे तुकडे कापले जातात आणि सुमारे ८२० अमिनो आम्लांचं, ८८ हजार डाल्टन वजनाचं तयार विष उरतं. (डाल्टन म्हणजे साधारण हायड्रोजनच्या एका अणूएवढं वजन.)

दोन भाग, दोन कामं

तयार विषाचे दोन भाग असतात. त्यांची नावं हजार डाल्टनमधल्या वजनावरूनच पडली आहेत: पी-३३ आणि पी-५५.

मागचा, मोठा पी-५५. पेशीला चिकटण्याचं काम मुख्यतः त्याचं. २००७ साली त्याचे स्फटिक करून त्यांवर क्ष-किरण टाकले गेले आणि २.४ अँगस्ट्रॉम इतक्या बारकाईने त्याचा आकार दिसला. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग, जवळपास एका अणूची जाडी. साखळी स्वतःभोवती उजव्या बाजूने वेढे घेत जाते, वेढ्यावर वेढा बसतो आणि सरळ, ताठ दांडा तयार होतो.

पुढचा पी-३३ लहान, पण विषाचा डंख त्यातच आहे. त्याची सुरुवातीची साधारण तीस अमिनो आम्लं पाण्यापासून पळणारी, तेलात रमणारी आहेत. पेशीचा पडदा हा मुळात चरबीचा दुपदरी थर असल्याने असा तुकडा त्यात घुसू शकतो. त्या तुकड्यात ग्लायसीन हे सगळ्यांत लहान अमिनो आम्ल ठरावीक अंतराने येतं: ग्लायसीन, मध्ये तीन दुसरी, पुन्हा ग्लायसीन. हा नमुना सलग तीनदा. ग्लायसीनला बाजूला फुटलेली फांदीच नसते म्हटलं तरी चालेल, त्यामुळे त्या जागी शेजारची साखळी अगदी अंगाला अंग लावून बसू शकते. त्यातलं चौदाव्या जागेचं एकच ग्लायसीन बदलून जरा मोठं अमिनो आम्ल घातलं की विष पोकळ्या पाडेनासं होतं. ८२० पैकी एक!

सहा पाकळ्या आणि एक धूसर मधोमध

साध्या पाण्यात, म्हणजे आम्ल नसताना, विषाचे रेणू सुटे राहत नाहीत. सहा-सहा किंवा सात-सात जण गोल करून जुळतात आणि सूक्ष्मदर्शकात चक्क पाकळ्यांचं फूल दिसतं. बऱ्याचदा अशी दोन फुलं एकमेकांवर पालथी बसतात, म्हणजे एकूण बारा किंवा चौदा रेणू. फुलाचा व्यास सुमारे ३० नॅनोमीटर. केसाच्या जाडीत अशी अडीच हजारांहून जास्त फुलं शेजारी शेजारी मावतील.

हे इतकं बारीक दिसतं कसं? प्रथिनाचं पाणी अतिशय पातळ थरात पसरून थंडगार द्रव इथेनमध्ये क्षणात बुडवतात. गोठणं इतकं झटपट होतं की बर्फाचे स्फटिक व्हायला वेळच मिळत नाही आणि प्रथिन आहे त्या आकारात अडकतं. मग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने हजारो-लाखो रेणूंची अस्पष्ट चित्रं घेऊन संगणक त्यांची सरासरी काढतो. या तंत्राला २०१७ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं आणि २०१९ मध्ये याच तंत्राने व्हॅकएच्या फुलाची अणूंच्या पातळीवरची रचना मांडली गेली. त्यात पी-३३ ही पी-५५सारखाच वेढे घेत गेलेला दिसला. पाकळ्या स्वच्छ दिसल्या. पण जिथे तो तेलात रमणारा तुकडा असायला हवा, ते फुलाचं मधोमध मात्र धूसर राहिलं. पडदा नसताना तो तुकडा एका जागी स्थिर राहत नाही, म्हणून सरासरीत तो पुसला जातो. विषाचा सर्वांत महत्त्वाचा भाग चित्रात सर्वांत अस्पष्ट आहे, हे या संशोधनातलं ठसठसतं दुखणं.

फूल तसंच्या तसं निरुपयोगी

आता खरी मेख. हे देखणं फूल पेशींवर टाकलं तर फारसं काही होत नाही. तेच आधी काही मिनिटं आम्लात ठेवलं, मग आम्ल मारून पेशींवर टाकलं, की विष जोरात चालतं. आम्लात बहुतेक प्रथिनांची वाट लागते आणि वर पेप्सिन हा पाचक रस त्यांचे तुकडे करतो. व्हॅकए मात्र आम्लातून गेल्यावर पेप्सिनलाही दाद देत नाही.

कारण असं की आम्लात फुलाचे सांधे सुटतात आणि रेणू एकेकटे होतात. पालच्या खंडोबाच्या यात्रेतला मोठा पाळणा पुढच्या गावच्या जत्रेला उभाच्या उभा नेता येत नाही. तो उतरवतात, हात-कड्या सुट्या करून ट्रकमध्ये भरतात आणि पुढच्या मैदानात पुन्हा उभा करतात. व्हॅकएचंही तसंच: सुटं झाल्याशिवाय पडद्यापर्यंत नीट पोचता येत नाही आणि पुन्हा जुळल्याशिवाय काम करता येत नाही. दाखला इथेच सोडायला हवा, कारण पाळणा दोन्ही गावांत सारखाच उभा राहतो. विष मात्र दुसऱ्या वेळी जुळतं तेव्हा त्याचे तेलात रमणारे तुकडे पडद्यात आरपार घुसतात आणि त्यांच्या मधोमध छिद्र तयार होतं.

छिद्र अनेक जणांनी मिळून होतं याचा झकास पुरावा आहे. शास्त्रज्ञांनी पी-३३मधला सहाव्यापासून सत्ताविसाव्यापर्यंतचा तुकडा उडवून विषाचं एक लुळं रूप तयार केलं. ते स्वतः पोकळ्या पाडत नाही, हे अपेक्षितच. पण ते चांगल्या विषात थोडंसं मिसळलं तरी चांगलं विषही बंद पडलं. एकेकटे रेणू काम करत असते तर लुळ्यांनी चांगल्यांना अडवायचं कारण नव्हतं. कड्यात एक नासका आला की अख्खं कडं वाया.

पोकळ्या कशा फुगतात

विष पेशीच्या पृष्ठभागाला चिकटतं. पेशी बाहेरचा माल आत घेताना पडद्याची छोटी पिशवी करते, त्यातून विषही आत जातं. पुढचा हिशोब असा चालतो:

पिशवीच्या पडद्यात विषाचं छिद्र असतं आणि त्यातून ऋणभारित क्लोराइड आत शिरतं. पिशवीच्या पडद्यावर पेशीचा स्वतःचा एक पंप असतो, तो हायड्रोजनचे धनभार आत ढकलतो. एरवी आत धनभार साठला की पंप अडतो. आता क्लोराइड तो भार फेडत असल्याने पंप चालतच राहतो आणि पिशवी आम्लधर्मी होते. जंतूने सोडलेला अमोनिया पडद्यातून आरपार जाऊ शकतो. तो पिशवीत शिरला की तिथल्या आम्लाने त्याचा भारित अमोनियम होतो आणि त्याला पडद्यातून परत बाहेर पडता येत नाही. आत क्षार साठतात, क्षारांच्या मागे पाणी येतं, पिशवी टम्म फुगते. प्रयोगशाळेत अमोनियम क्लोराइड घातलं की पोकळ्या कितीतरी जास्त दिसतात, ते यामुळेच. ज्या अमोनियाने जेल गुलाबी झालं, तोच इथे फुगवायला हजर.

फुगलेल्या पोकळ्या डोळ्यांत भरतात म्हणून विषाला नाव तेच पडलं (इंग्रजीत ‘व्हॅक्युओल’ म्हणजे पोकळी), पण माझ्या मते जास्त नुकसान बाकीच्या करामती करतात. विष पेशीच्या ऊर्जाकेंद्रापर्यंत, म्हणजे मायटोकॉन्ड्रियापर्यंत पोचतं आणि पेशी मरू शकते. अस्तराच्या पेशींमधली घट्ट शिवण सैल होऊन पोषक द्रव्यं जंतूकडे झिरपतात. आणि टी-पेशी, म्हणजे रोगप्रतिकाराचे शिपाई, यांना विष वाढूच देत नाही. जंतू जन्मभर का टिकतो, त्यात या शेवटच्या गोष्टीचा वाटा असावा.

मग शेजाऱ्याला काही का होत नाही?

विषाच्या साखळीत तीन जागी जंतूगणिक फरक असतो. त्यांना एस, आय आणि एम म्हणतात आणि प्रत्येकाचे १ आणि २ असे मुख्य प्रकार.

एस हा अगदी सुरुवातीचा भाग. एस-२ प्रकारात तयार विषाच्या टोकाला बारा जादा अमिनो आम्लं लागलेली असतात आणि ती पाणी आवडणारी. तेलात घुसायच्या टोकालाच पाण्याची ओढ, मग ते घुसणार कसं? असं विष जवळपास निकामी. एस-१ला हे शेपूट नसतं, ते चालतं. एम हा भाग पी-५५मध्ये आहे, तो कोणत्या पेशीवर विष चालेल हे ठरवतो. आय हा पी-३३मधला, तो २००७ साली लक्षात आला, आणि त्याच्यावरूनही जोर कमी-जास्त होतो. पाश्चात्त्य देशांतल्या अभ्यासांत एस-१, आय-१, एम-१ असलेल्यांत अल्सर आणि कर्करोग जास्त दिसले.

शिवाय जंतूकडे ‘कॅगए’ नावाचं दुसरं प्रथिन असू शकतं, ते तो नळीवाटे थेट पेशीत सोडतो. माणसाची प्रतिकारशक्ती, तंबाखू आणि वेदनाशामक गोळ्याही हिशोबात येतात.

असं असेल तर रिपोर्टवर विषाचा प्रकार का लिहीत नाहीत?

रास्त शंका आहे. उत्तर असं की आपल्याकडे तो लिहून फारसा उपयोग नाही. कोलकात्यात झालेल्या अभ्यासांत एस-१ आणि कॅगए असलेले जंतू अल्सरवाल्यांत जसे सापडले तसेच काहीही त्रास नसलेल्यांतही सापडले. घातक समजला जाणारा प्रकार बहुतेकांकडेच असेल तर त्यावरून कोणाला धोका आहे हे कसं निवडणार? प्रकार कोणताही निघाला तरी औषध तेच. त्यामुळे जनुकाच्या तपासणीवर कोणी खर्च करायला सांगितला तर ‘यावरून उपचार बदलणार का?’ एवढं विचारा.

पण आमच्याकडे तर तिखटानेच अल्सर होतो म्हणतात

खर्डा, मिरचीचा ठेचा, रश्श्यावरचा कट याने आधीच असलेल्या जखमेला झोंबतं, जळजळ वाढते. पण जखम त्याने होत नाही. अल्सरची दोन मोठी कारणं हा जंतू आणि वेदनाशामक गोळ्या. उसाच्या फडात दिवस काढून पाठ धरली की दुकानातून सुटी गोळी घेऊन गिळायची सवय तिखटापेक्षा कितीतरी घातक. जंतू आणि अशा गोळ्या दोन्ही असतील तर धोका एकमेकांत मिसळून वाढतो.

आम्लानेच विष जागं होतं, तर पित्ताची गोळी पुरेल का?

तर्क चुकीचा नाही, अपुरा आहे. ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल या गोळ्या जठरातलं आम्ल कमी करतात, पण विषाला आम्ल पेशीच्या आतल्या पिशवीतही मिळतं आणि तिथे ही गोळी चालत नाही. जंतू जिवंत असतो, विष रोज नवं बनतं. उलट वर्षानुवर्षं नुसती हीच गोळी घेतली तर जंतू जठराच्या खालच्या भागातून वरच्या भागात पसरतो. शिवाय गोळी चालू असताना तपासणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. म्हणून तपासणीआधी ती दोन आठवडे आणि अँटिबायोटिक चार आठवडे बंद हवं, अर्थात डॉक्टरांना विचारून.

तरीही कोर्समध्ये ही गोळी असतेच, कारण आम्ल कमी असताना अँटिबायोटिक टिकतात आणि जंतू वाढीला लागतो, तेव्हाच तो मारता येतो. जेवणाच्या अर्धा तास आधी घेतली तर ती नीट लागू पडते.

सांगलीत राहून हळदीचं नाव नको?

हळदीतल्या कर्क्युमिनने काचेच्या बशीत हा जंतू दबतो, हे खरं. माणसाच्या पोटात तेवढं जमत नाही. थायलंडमध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अँटिबायोटिक घेतलेल्या बहुतेकांचा जंतू गेला, कर्क्युमिन घेतलेल्यांतल्या अगदी थोड्यांचा. भाजीत घाला, कोर्सच्या जागी नको.

विषावरच लस का नाही?

करून पाहिली. व्हॅकए, कॅगए आणि जंतूचं आणखी एक प्रथिन अशी तिघांची लस तयार झाली, अँटिबॉडीही आल्या. मग लस घेतलेल्या लोकांना मुद्दाम जंतू दिला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात लस घेतलेले आणि न घेतलेले यांत फरक दिसला नाही. श्लेष्मात दडलेल्या जंतूपर्यंत रक्तातल्या अँटिबॉडी फारशा पोचत नाहीत. चीनमध्ये मुलांना तोंडाने दिलेल्या, युरीएजवर बेतलेल्या लसीचा निकाल २०१५ मध्ये आला, तो पहिल्या वर्षी बराच बरा होता. पण ती तुमच्या-आमच्या दवाखान्यात नाही.

कोर्स कुठे फसतो

नेहमीचा जुना कोर्स म्हणजे पित्ताची गोळी, अमॉक्सिसिलिन आणि क्लॅरिथ्रोमायसिन. क्लॅरिथ्रोमायसिनला जंतू सरावत चाललाय, म्हणून आता बिस्मथ, टेट्रासायक्लिन, मेट्रोनिडाझोल आणि पित्ताची गोळी असा चौघांचा कोर्स चौदा दिवस देण्याकडे कल आहे. आपल्याकडे जुलाबाला मेट्रोनिडाझोल खाण्याची पद्धत असल्याने जंतू त्यालाही सरावलेला असतो. पूर्वी कोणकोणती अँटिबायोटिक झाली ते डॉक्टरांना आठवून सांगा, त्यावर निवड ठरते.

तोंडाला धातूची चव येते, मळमळतं, मग पाचव्या-सहाव्या दिवशी ‘जळजळ थांबली’ म्हणून गोळ्या बंद होतात. सर्वांत जास्त कोर्स इथे वाया जातात, आणि उरलेला जंतू पुढच्या वेळी जास्त निबर निघतो. मेट्रोनिडाझोल चालू असताना दारू अजिबात नको. टेट्रासायक्लिन दूध-ताकाबरोबर घेऊ नका, कॅल्शियम त्याला धरून ठेवतं. हा दुधाचा पट्टा आहे, म्हणून मुद्दाम सांगायचं. गरोदर बाईला आणि लहान मुलांना टेट्रासायक्लिन देत नाहीत.

बिस्मथने शौच काळं होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण डांबरासारखं चिकट, उग्र वासाचं काळं शौच झालं, सोबत चक्कर, घाम असो वा नसो, तर तो रक्तस्राव समजा आणि कोर्स संपायची वाट न पाहता दवाखाना गाठा.

कोर्स संपल्यावर चार आठवडे थांबून जंतू गेला का ते तपासायचं. त्यासाठी श्वासाची युरिया तपासणी किंवा शौचातली अँटिजेन तपासणी चालते, दुर्बीण दरवेळी लागत नाही. रक्तातली अँटिबॉडी तपासणी इथे कामाची नाही, कारण जंतू गेल्यावरही ती कित्येक महिने पॉझिटिव्ह राहते. तिच्यावरून दुसरा कोर्स सुरू होत असेल तर आधी श्वासाची किंवा शौचाची तपासणी मागून घ्या.